क्षार बदलला म्हणून औषध नवे होते का?

मध्यंतरी एका आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. विषय होता औषधांवरची पेटंट. मुले तयारीने आली होती, आवाज खणखणीत होते, आणि तरीही दोन तासांत मूळ प्रश्नाला कुणी हात लावला नाही. एक बाजू म्हणत होती, पेटंट म्हणजे गरीब रुग्णाच्या गळ्याभोवतीचा फास. दुसरी म्हणत होती, पेटंट नसेल तर संशोधन मरेल, आणि आपल्या कंपन्या तर दुसऱ्याच्या घामावरच जगतात. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. कुठल्याही व्यापार कराराची बोलणी निघाली की वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर मोठी माणसेही हाच वाद याच दोन वाक्यांत घालतात. पेटंट हवे की नको, एवढ्यावरच तो अडतो. कायद्यापुढचा प्रश्न मात्र वेगळा आहे: पेटंट कशावर द्यायचे, आणि एकाच औषधावर किती वेळा द्यायचे? या प्रश्नाचे उत्तर भारतीय संसदेने २००५ मध्ये दिले. जुन्या औषधाच्या नुसत्या नव्या रूपाला पेटंट नाकारणारे पेटंट कायद्यातले कलम ३(डी) आणि पेटंट मिळण्याआधीच त्याला विरोध नोंदवण्याची सोय, ही त्या उत्तराची दोन अंगे. ही तरतूद म्हणजे गरीब देशाने मागून घेतलेली सवलत आहे, असे आपले लोकही ओशाळून बोलतात. मला ते मुळीच पटत नाही. पेटंट या कल्पनेशी इमान राखायचे तर कायदा असाच हवा, आणि आज तो कडेकडेने कुरतडला जात असताना गप्प बसणे चुकीचे आहे.

पेटंट हा मुळात सौदा आहे. संशोधकाने आपला शोध उघड करून सांगायचा, इतका की त्या विषयातल्या जाणकाराला वाचून तीच वस्तू बनवता यावी. बदल्यात समाज त्याला अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांची मक्तेदारी देतो. वीस वर्षे सरली की ते ज्ञान सगळ्यांचे. आता औषधाचा विचार करा. आधी रेणूवर पेटंट घेतले जाते. रेणू गोळीत नीट बसावा म्हणून पुष्कळदा त्याचा क्षार करतात, म्हणजे एखाद्या आम्लाशी त्याची जोडी लावतात. कोणती आम्ले वापरून पाहायची याची यादी औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. मग काही वर्षांनी क्षारावर दुसरे पेटंट, त्याच्या स्फटिकरूपावर तिसरे, गोळीच्या घटकांवर चौथे. प्रत्येकाची वीस वर्षे वेगळी सुरू होतात. या धंद्यात याला एव्हरग्रीनिंग म्हणतात, म्हणजे पेटंटाचे झाड कधी वाळूच द्यायचे नाही. संधिवाताच्या ‘ह्युमिरा’ या इंजेक्शनाभोवती अमेरिकेत शंभराहून अधिक पेटंटांचे कुंपण उभे राहिले. मूळ पेटंट २०१६ मध्ये संपले, युरोपात स्वस्त पर्याय २०१८ मध्ये आले, आणि अमेरिकेतल्या रुग्णाला मात्र २०२३ उजाडेपर्यंत थांबावे लागले. अमेरिका गरीब देश आहे का? मग हा प्रश्न गरिबीचा कसा?

आपल्याकडचे उदाहरण मुंबईचे आहे आणि ते मला फार जवळचे वाटते. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाने मुंबईला जसे पोखरले तसे फार थोड्या शहरांना पोखरले असेल. उपलब्ध असलेल्या कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण हिंदुजा रुग्णालयात सापडल्याचे २०१२ च्या सुरुवातीला जाहीर झाले, तेव्हा सगळे जग इकडे पाहू लागले. अशा रुग्णांना तेव्हा दीड-दोन वर्षे उपचार घ्यावे लागत. त्यात महिनोन् महिने कॅनामायसिनसारखी इंजेक्शने असत, आणि त्या इंजेक्शनांनी अनेकांची श्रवणशक्ती कायमची जाई. जीव वाचवायचा तर कान द्या, असा तो हिशेब होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत बेडाक्विलिनला मान्यता मिळाली. चाळीसहून अधिक वर्षांत क्षयावर आलेले ते पहिलेच नव्या जातीचे औषध. भारतात ते २०१६ मध्ये पोचले, तेही मोजक्या केंद्रांवर आणि देणगीतून आलेल्या मर्यादित साठ्याच्या रूपात.

जॉन्सन अँड जॉन्सनकडे बेडाक्विलिनच्या रेणूचे भारतीय पेटंट होते. त्याची मुदत जुलै २०२३ मध्ये संपणार होती. शिवाय याच औषधाच्या फ्युमरेट क्षारावर कंपनीचा दुसरा अर्ज होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. या अर्जाला २०१९ मध्ये दोन तरुणींनी विरोध केला: मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. दोघीही क्षयातून उठलेल्या, आणि दोघींचीही श्रवणशक्ती जुन्या इंजेक्शनांनी हिरावून घेतलेली. त्यांचे म्हणणे साधे होते. रेणू जुना, त्याचे क्षार करता येतात हे मूळ पेटंटातच सांगितलेले, मग नवे काय? २३ मार्च २०२३ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. चार महिन्यांत मूळ पेटंट संपले आणि भारतीय कंपन्यांना हे औषध बनवण्याची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी ऑगस्टअखेरीस, गरीब देशांसाठी क्षयाची औषधे खरेदी करणाऱ्या ग्लोबल ड्रग फॅसिलिटीने नवे दर जाहीर केले. सहा महिन्यांच्या उपचाराची किंमत २८९ डॉलरवरून १३० डॉलरवर आली होती. त्यात जागतिक दबावाचाही वाटा होता, हे खरे. पण ल्युपिनसारखा दुसरा विक्रेता निविदेत उभाच राहू शकला नसता, तर मूळ कंपनीने दर इतका खाली आणला असता का?

आता दुसऱ्या बाजूचे सर्वांत बळकट मुद्दे. पहिला खर्चाचा. नवे औषध शोधायला दहा-बारा वर्षे आणि अफाट पैसा लागतो, बहुतेक रेणू चाचण्यांत गळून पडतात, आणि जे एखादे टिकते त्याच्यावर बाकीच्यांचा खर्च निघावा लागतो. हे पूर्णपणे मान्य. बेडाक्विलिनचा रेणू शोधणाऱ्यांनी खरोखर मोठे काम केले आणि त्यांना त्याचे फळ मिळायलाच हवे होते. ते मिळालेही: मूळ पेटंट भारताने दिले आणि त्याची मुदत संपेपर्यंत पाळले. वाद होता तो पुढच्या साडेचार वर्षांचा, आणि त्या वर्षांसाठी नवा शोध कुठला, याचा. शिवाय या औषधाच्या चाचण्यांमध्ये सरकारी आणि धर्मादाय पैसाही मोठ्या प्रमाणावर ओतला गेला होता. लोकांनी एकदा करातून आणि एकदा मक्तेदारीच्या किमतीतून पैसे मोजले. तिसऱ्यांदाही मोजायचे असतील तर कारण तरी सांगा.

दुसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे आणि तो टाळून चालणार नाही. विज्ञान उड्या मारत जात नाही, पावलापावलाने जाते. उष्ण हवेत टिकणारी गोळी, लहान मुलाला गिळता येईल असे रूप, दिवसातून तीनदा घ्यायच्या ऐवजी एकदाच घ्यायची मात्रा, या सुधारणा क्षुल्लक नव्हेत. आपल्यासारख्या देशात तर त्यांचे मोल जास्तच. मग कलम ३(डी) अशा सुधारणांचा गळा घोटते का? कलम वाचले तर तसे दिसत नाही. ज्ञात पदार्थाचे नवे रूप पेटंटयोग्य नाही, जोपर्यंत त्याने ज्ञात परिणामकारकता वाढत नाही, एवढेच ते म्हणते. म्हणजे दार बंद नाही, दारावर एक प्रश्न विचारला जातो: याने रुग्णाला जास्त गुण येतो का?

हा प्रश्न किती गांभीर्याने विचारायचा, याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी ‘ग्लिव्हेक’च्या खटल्यात लावला. या खटल्याबद्दल बोलणारे शंभर भेटतात, त्याचे तपशील सांगणारे फार थोडे, म्हणून इथे जरा थांबतो. ‘ग्लिव्हेक’ म्हणजे इमॅटिनिब, रक्ताच्या एका कर्करोगावरचे खरोखर क्रांतिकारक औषध. ते बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीने १९९८ मध्ये चेन्नईला अर्ज केला तो इमॅटिनिबवर नव्हे, तर इमॅटिनिब मेसिलेट या क्षाराच्या बीटा स्फटिकरूपावर. कंपनीच्या औषधाला महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये पडत, भारतीय कंपन्यांच्या औषधाला आठ-दहा हजार. अर्जाला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला, आणि पुढची सात वर्षे वाद वरच्या वरच्या पायऱ्या चढत गेला. न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने सांगितले की औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे उपचारात दिसणारा गुण. स्फटिक अधिक टिकाऊ असेल, भुकटी नीट वाहत असेल, औषध शरीरात तीस टक्के जास्त शोषले जात असेल, तरी तेवढ्याने भागत नाही. त्यामुळे रोग्याला अधिक गुण येतो याचा पुरावा द्या. तो पुरावा आला नाही.

या निकालावर एक रास्त आक्षेप आहे. इमॅटिनिबच्या मूळ शोधाला भारतात कधीच पेटंट मिळाले नव्हते, कारण तो १९९३ च्या सुमाराचा आणि तेव्हा आपल्याकडे औषधाच्या उत्पादनावर पेटंट दिलेच जात नव्हते. म्हणजे इतका मोठा शोध लावूनही कंपनीच्या हाती इथे काहीच आले नाही. मला यात तथ्य वाटते, काळाच्या सांध्यावर ते औषध सापडले होते. पण त्या उणिवेची भरपाई म्हणून जुन्या शोधाला नव्याचे लेबल लावता येईल का? न्यायालयाने नोंदवलेली एक गोष्ट इथे निर्णायक आहे. जुन्या, मूळ पेटंटात आपले हे औषध समाविष्ट आहे असे सांगूनच कंपनीने अमेरिकेत त्या पेटंटाची मुदत वाढवून घेतली होती, आणि त्याच पेटंटाच्या जोरावर ब्रिटनमध्ये नॅटको या भारतीय कंपनीला नोटीस धाडली होती. तिकडे म्हणायचे की हे जुन्यात आहे आणि इकडे म्हणायचे की हे नवे आहे. दोन्ही एकाच वेळी खरे कसे असेल? राहिली कंपनीच्या मोफत वाटपाची गोष्ट. तिच्या योजनेतून हजारो भारतीय रुग्णांना औषध फुकट मिळाले आणि त्यातले अनेक त्यामुळे जगले. त्या उपकाराची थट्टा मी करणार नाही. पण योजना कोणासाठी आणि कधीपर्यंत, हे देणारा ठरवतो. बाजारात पाच जण औषध विकत असले तर रुग्णाला कोणाच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही.

‘हे सगळे मागास देशांचे चोचले, प्रगत देश असे करत नाहीत’ हा आरोप तर इतिहासापुढे टिकतच नाही. नोव्हार्टिसचे घर स्वित्झर्लंडमधले बासेल, म्हणून बासेलचाच इतिहास पाहू. फ्रान्समध्ये १८५९ च्या सुमारास फ्युक्सीन या गुलाबी-जांभळ्या रंगावर एकाची मक्तेदारी होती. स्वित्झर्लंडमध्ये तेव्हा पेटंट कायदाच नव्हता. मूळचा लियोंचा असलेल्या अलेक्झांडर क्लावेलने बासेलमध्ये तोच रंग बनवायला घेतला. त्या कारखान्यातूनच पुढे सिबा ही कंपनी उभी राहिली. स्वित्झर्लंडने १८८८ मध्ये पेटंट कायदा केला, तोही असा की रसायने त्यात बसूच नयेत. रासायनिक प्रक्रियांना संरक्षण आले १९०७ मध्ये, आणि औषध या उत्पादनावर पेटंट मिळू लागले ते थेट १९७७ नंतर. सिबा-गायगी आणि सँडोझ यांचे १९९६ मध्ये विलीनीकरण झाले, त्यातून नोव्हार्टिस जन्मली. जर्मनीने औषधांवर उत्पादन पेटंट १९६८ पासून दिले, जपानने १९७६ पासून, इटलीने १९७८ पासून. प्रत्येकाने आधी आपला उद्योग उभा केला आणि मग दार लावले. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाने हाच इतिहास चाळून भारताला सल्ला दिला, आणि त्यातून १९७० चा कायदा आला: औषधावर पेटंट नाही, फक्त ते बनवण्याच्या प्रक्रियेवर, तेही थोड्या वर्षांसाठी. त्या कायद्याच्या आधाराने जो उद्योग वाढला त्यानेच २००१ मध्ये एड्सवरचे तीन औषधांचे मिश्रण वर्षाला साडेतीनशे डॉलरमध्ये देऊ केले. तेव्हा त्याची जागतिक किंमत दहा हजार डॉलरच्या वर होती. मुंबई सेंट्रलच्या सिप्लाने आफ्रिकेत किती घरे वाचवली, हे आपण आपल्याच मुलांना पुरेसे सांगत नाही.

‘पण भारताने स्वतः नवे औषध कोणते शोधले?’ हा टोला लागतो, आणि लागायलाच हवा. आपल्या उद्योगाने शोधलेले नवे रेणू बोटांवर मोजता येतील. परंतु उत्पादन पेटंट आपल्याकडे २००५ पासून आहे. नुसत्या पेटंटाने संशोधन उगवत असते तर इतक्या वर्षांत पीक दिसायला नको होते का? ते उगवते विद्यापीठांत, प्रयोगशाळांत, सरकारच्या धीराच्या पैशावर. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्देमार हाफकिनने १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, ती काही मक्तेदारीच्या आशेने नव्हे.

आता विरोध नोंदवण्याच्या सोयीबद्दल. आपल्या कायद्यात पेटंट मिळण्याआधी कोणीही व्यक्ती विरोध करू शकते. पेटंट मिळाल्यानंतर मात्र फक्त ज्याचा हितसंबंध आहे त्याला, तोही वर्षाच्या आत, विरोध करता येतो. या ‘कोणीही’ शब्दाचा गैरवापर झाला आहे हे मान्य करावे लागेल. नुसती नावे पुढे करून एकामागून एक विरोध दाखल करायचे, अर्ज वर्षानुवर्षे लटकत ठेवायचा, असे प्रकार घडले आणि त्यामागे कधीकधी प्रतिस्पर्धी कंपन्याच होत्या. जेनेरिक कंपन्या, म्हणजे दुसऱ्याने शोधलेले औषध स्वस्तात बनवणाऱ्या कंपन्या, काही संत नाहीत. त्या बाजार पाहतात, रुग्णाचे भले झालेच तर ओघाने होते. पण उपाय काय केला गेला? मार्च २०२४ च्या नियमांनी या विरोधाला शुल्क लावले, आणि विरोध ऐकण्याजोगा आहे की नाही हे पेटंट कार्यालयाच्या नियंत्रकाने आधी ठरवावे अशी पायरी घातली. बड्या कंपनीला या शुल्काचे काय वाटणार? अडखळेल ती रुग्णांची संघटना. शिवाय अर्जदाराला नोटीस जाण्याआधीच विरोध निकालात काढता येत असेल, तर त्या निर्णयाची कारणे कोण तपासणार?

इथे मला हळदीची लढाई आठवते, जिचा महाराष्ट्राला सार्थ अभिमान आहे. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले आणि डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने ते १९९७ मध्ये रद्द करवले. आपल्या आज्या जे पिढ्यान् पिढ्या करत आल्या ते नवे कसे, हा तिथला प्रश्न. मूळ पेटंटातच ज्याचा उल्लेख आहे तो क्षार नवा कसा, हा बेडाक्विलिनचा प्रश्न. तर्क एकच आहे. मग हळदीसाठी टाळ्या वाजवणारे आपण फ्युमरेटच्या वेळी ‘जगात आपली पत जाईल’ म्हणून का कचरतो? आणि एक फरकही लक्षात घ्यावा. दिलेले पेटंट परदेशात जाऊन रद्द करवायला एक राष्ट्रीय संस्था लागली, जुन्या ग्रंथांचे पुरावे आणि वकील लागले. नंदिता आणि फुमेझा यांना मुंबईत पेटंट मिळण्याआधीच आत येऊन बोलता आले.

३(डी) ला जे देव्हाऱ्यात बसवतात त्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. २०१२ ते २०२३ ही अकरा वर्षे, म्हणजे बेडाक्विलिनचे मूळ पेटंट जिवंत असतानाची वर्षे, या कलमाने मुंबईतल्या एकाही रुग्णाला गोळी दिली नाही. ते त्याचे कामच नव्हते. त्यासाठी कायद्यात सक्तीच्या परवान्याची, म्हणजे पेटंटधारकाची संमती नसतानाही दुसऱ्याला औषध बनवू देण्याची तरतूद आहे. ती औषधासाठी आजवर एकदाच वापरली गेली, मार्च २०१२ मध्ये, यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरच्या ‘नेक्साव्हर’साठी. बायर कंपनीचे हे औषध महिन्याला २ लाख ८० हजार रुपयांना पडत होते, नॅटकोने ते ८ हजार ८८० ला दिले, आणि बायरला विक्रीवर स्वामित्वधन ठरवून मिळाले. सक्ती असली तरी ती लूट नव्हती. तो निर्णय होऊ शकला याचे एक कारण म्हणजे फॉर्म २७. पेटंटधारकाने भारतात किती माल पुरवला, हे त्यात दरवर्षी सांगावे लागे. बायरच्याच आकड्यांवरून दिसले की गरजू रुग्णांपैकी फार थोड्यांपर्यंत औषध पोचत होते. २०२४ च्या नियमांनी हे विवरण तीन वर्षांतून एकदा दिले तरी चालेल असे केले. आणि जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात औषध उपलब्ध करून देण्यासाठी ऐच्छिक परवान्याला पसंती देणारी भाषा आली आहे. सक्तीच्या परवान्याचा हक्क त्याने रद्द होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तेरा वर्षांत जे हत्यार पुन्हा उचलले गेले नाही, ते यापुढे उचलायला कोणता अधिकारी धजावेल?

म्हणून व्यापार करारांवर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांनी ‘पेटंट हवे की नको’ हे सोडून तीन मागण्यांवर बोलावे असे मला वाटते. रुग्ण आणि त्यांच्या संघटना यांना विरोधाचे शुल्क पूर्ण माफ असावे. विरोध ऐकण्याजोगा नाही असे नियंत्रकाने ठरवले तर त्याची लेखी कारणे प्रसिद्ध करण्याचे बंधन असावे. आणि औषधांच्या पेटंटापुरता तरी फॉर्म २७ पुन्हा दरवर्षी भरावा लागावा, किती रुग्णांपर्यंत औषध कोणत्या किमतीला पोचले या आकड्यांसह.